उष्टावणाआधीची तपासणी

"दादा, तुला दात दाखवायला जावं लागेल," मृणाल दुकानात पाऊल टाकता टाकता म्हणाली, आणि माझं तोंड आपोआप मिटलं.

समोर गिऱ्हाईक होतं. हरिपूरचा एक वांगीवाला बी न्यायला आला होता आणि मी त्याला माझं नेहमीचं कीर्तन ऐकवत होतो. आठवड्यातनं एकदा रानात फेरी मार, पानं उलटी करून बघ, कीड डोळ्यांना दिसायला लागल्यावर माझ्याकडे औषध मागायला येऊ नकोस. मिरजेत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. फवारणीचे ड्रोन आता घरोघरी झालेत, पण पान उलटून बघायचं काम काही माणसाला सुटलेलं नाही, हे मी येईल त्याला ऐकवतो.

"माझे दात उत्तम आहेत," मी म्हणालो.

"शेवटचे कधी दाखवलेस?"

मी वांगीवाल्याकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्याच्या मनात चाललेलं मला स्वच्छ दिसत होतं. मी त्याच्या हातात पाकीट दिलं आणि त्याला वाटेला लावलं.

मृणाल माझी धाकटी बहीण. बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिची रेवा आता पालथी पडून, सरकून घरभर फिरत होती. पुढच्या महिन्यात रेवाचं उष्टावण ठरलं होतं. बाळाला पहिल्यांदा अन्नाची चव द्यायची ती त्या दिवशी, आणि आमच्याकडे तो पहिला घास भरवायचा मान मामाचा.

"घास भरवणाऱ्या सगळ्यांनी आधी दात आणि तोंड तपासून घ्यायचं, असं बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. माझं झालं. रेवाच्या बाबांचं झालं. तू आणि माई राहिलात."

"आणि मी नाही गेलो तर?"

मृणाल जरा घुटमळली. "सासूबाई म्हणत होत्या, प्रतीक आहेच. त्याचीही तपासणी झालीय. तोही मामाच की रेवाचा."

ते मात्र मला झोंबलं. प्रतीक म्हणजे माईच्या भावाचा मुलगा. रक्ताचा. आणि मी? माईनं मृणालला जन्म दिला, मला नाही. माझी आई मी रांगता-चालता असतानाच गेली आणि पाठोपाठ वडिलांनी माईशी लग्न केलं. माईनं मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माझ्या आजारपणात जागरणं केली. पण तिनं मला कधी हातानं घास भरवला नाही. मृणालला माईच्या ताटात जेवताना मी रोज बघायचो. माझं ताट वेगळं होतं, स्टीलचं, काठावर 'चि. सुहास' असं नाव कोरलेलं. भामाआत्या सांगायची, "तुझी माई तुला आपल्या ताटाला हात लावू देत नसे हो. सावत्र ती सावत्रच." मृणाल माईला 'अगं' म्हणते, मी 'अहो' म्हणतो. तेव्हा उष्टावणाचा घास हा माझ्या दृष्टीनं खिरीचा चमचा नव्हता. मी या घराचा खरा मामा आहे की नुसता नावाचा, हे त्या दिवशी ठरणार होतं.

"कधी जायचंय?" मी विचारलं.

आता हे तपासणीचं प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण मी तरुण असताना कुणी असं बोललं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात दात नसतात, आणि दात किडवणारे जंतूही नसतात. हे जंतू दाताला चिकटून राहतात. दातच नाहीत तर बिचारे राहणार कुठे? दात यायला लागले की ते येतात, आणि येतात ते कुणाच्या तरी तोंडातून. खीर गरम आहे का बघायला आईनं चमचा ओठाला लावला, आजीनं खारीक चावून दिली, की झाली पेरणी. एकदा रान धरलं की मग ते सहसा जागा सोडत नाहीत. आपण साखर खातो, ती ते खातात आणि आम्ल सोडतात, आणि त्या आम्लानं दात पोखरतो. एवढं शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

नवीन घडलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे लाळेच्या थेंबातून हे जंतू नेमके कुठल्या वाणाचे आहेत ते जागच्या जागी वाचणारं यंत्र निघालं. वांग्याचं बी बघून मी जसं सांगतो की हे कृष्णाकाठचं काटेरी वांगं, तसंच. प्रत्येक माणसाच्या तोंडातलं वाण वेगळं, आणि ज्याच्या उष्ट्यातून ते आलं त्याच्या वाणाशी ते हुबेहूब जुळतं. दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेत एक गरीब स्वभावाचं वाण तयार झालं. ते साखर खातं पण आम्ल करत नाही. आधी दात नीट साफ करून घ्यायचे, मग त्याची चूळ भरायची. महिन्याभरात ते जुन्या वाणाला हुसकावून त्याची जागा घेतं. म्हणून उष्टावणाच्या महिनाभर आधी घरच्यांची तपासणी, म्हणजे बाळाच्या तोंडात पेरलं जाईल ते निदान चांगलं पेरलं जाईल.

शास्त्रज्ञ एवढं करून मोकळे झाले, भांडणं मात्र आमच्या पदरात पडली. विहिणी एकमेकींना ऐकवू लागल्या, "आमच्याकडे कीड नव्हती, ती तुमच्या लेकीबरोबर आली." लग्नाच्या बैठकीत पत्रिकेच्या जोडीला वाण विचारायला लागले. आमच्याच गल्लीतल्या एका बंगल्यात तिन्ही मुलांचं वाण स्वयंपाकाच्या मावशींचं निघालं, आणि बाईसाहेब कितीतरी दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. माणसाला कुणी जन्म दिला हे रक्त सांगतं. त्याला कुणी भरवलं हे आता तोंड सांगायला लागलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. पण ते आपल्यावर कधी बेतेल असं वाटलं नव्हतं. मला भीती होती ती पकडीची. लहानपणी माझे दुधाचे दात काळे पडले होते. वडिलांनी डोकं धरलं आणि एका डॉक्टरांनी एका बैठकीत ते उपटले. त्या दिवसानंतर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली तरी मी रस्ता बदलायचो.

ठरलेल्या दिवशी मी माईला गाडीवर घेऊन दवाखान्यात गेलो. डॉ. नाझनीन तांबोळी. आडनाव तांबोळी आणि धंदा दातांचा. आजोबांनी रंगवले ते नात घासतेय, असं मी माईला म्हणालो. एरवी माई हसली असती. आज ती पदर तोंडाशी धरून बसली होती आणि तिचं सारं लक्ष दाराकडे होतं.

"माई, तुम्हाला पण भीती वाटते काय?"

"मला कशाला तपासत्यात?" ती म्हणाली. "मी न्हाई भरवणार रेवाला. तू भरीव की. मी आपली लांबनं बघीन."

"आजी आहात तुम्ही. लांबनं कशाला?"

"म्हातारीचं तोंड बघून काय करायचंय त्यास्नी," ती पुटपुटली, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

बसल्याबरोबर मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"सुहासराव, अजून मी मास्कसुद्धा लावला नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"पकड कुठाय?"

"कपाटात. तिला फार काम उरलेलं नाही." त्या माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "मी काय काय करणार ते आधी सांगते. सांगितल्याशिवाय तोंडात काहीही घालणार नाही. पहिल्यांदा गाल, जीभ, जिभेच्या खालची बाजू बघणार. पांढरा, लाल चट्टा नाही ना, कुठे गाठ नाही ना, ते. मग हिरडी दातापासून किती सुटलीय ते मोजणार. मग आमची मुंगी दातांवरून फिरेल आणि आतले फोटो काढेल. मग सफाई. शेवटी लाळेचा थेंब. कुठंही दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन."

मी डावा हात वर केला.

"अहो, अजून सुरूच केलं नाही!"

"थांबता का ते बघत होतो."

"थांबले की नाही?"

थांबल्या होत्या खऱ्या. मी तोंड उघडलं.

मुंगी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र. ते दाताच्या कडेकडेनं चालतं आणि मागे नुसती गुदगुली ठेवतं. समोरच्या पडद्यावर माझा एकेक दात उमटत होता. माझी उजवीकडची मागची दाढ मी केव्हाच सोडून दिली होती. तिकडून चावलं की कळ यायची, म्हणून मी डावीकडून जेवायचो आणि एक दिवस ती उपटावी लागणार हे मनाशी धरून चाललो होतो. मुंगी तिच्यावर चढली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"या दाढेला काय झालंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेली ना ती?"

"कुठं गेली? धडधाकट आहे. बाजूला खडा धरलाय, म्हणून हिरडी सुजते. आत्ता काढते. दोन दाढांवर पांढुरके डाग आहेत, कीड शिरायच्या बेतात होती. त्यावर लेप लावला की दात स्वतःच ती जागा भरून काढतो. बाकी हिरड्यांतून थोडं रक्त येतंय, ते नीट ब्रश केलात की थांबेल. बस्स."

"बस्स?"

"बस्स. अजून वर्ष-दोन वर्षं आला नसता तर मात्र पकड कपाटातनं काढावी लागली असती." त्या हसल्या. "माझे सासरे तुमच्याकडूनच बी नेतात. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, पानं उलटून बघा म्हणून?"

मी नुसती मान डोलावली. एक तर तोंडात पाण्याची नळी होती, आणि दुसरं म्हणजे डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते हे एवढंसं! खडा निघाला, साध्या पाण्यानं चूळ भरली, लेप लागला. बेसिनमध्ये थुंकताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

शेवटी डॉक्टरांनी जिभेखाली कागदाची पट्टी धरली आणि ती यंत्रात सरकवली.

"तुमचं आजोळ जतकडचं का?" पडद्याकडे बघत त्यांनी सहज विचारलं.

"नाही. वाळव्याचं."

"असं? हे वाण जत भागातल्या घरांत सापडतं, म्हणून विचारलं. तुमच्या बहिणीचंही हेच आहे की." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मृणालच्या नावापुढे एक गुलाबी रेघ होती. माझ्या नावापुढेही तीच. "सख्ख्या भावंडांचं एकच निघतं बहुतेक. आईकडून आलेलं."

"आम्ही सख्खी नाही," मी म्हणालो. "तिची आई जतची आहे. माझी नाही."

डॉक्टरांनी पडदा परत फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "माफ करा. मी असं बोलायला नको होतं."

"मृणालचं मला लागलं असेल?"

"ती लहान असताना तुम्ही केवढे होतात?"

"हायस्कुलात."

"मग नाही. एवढ्या मोठेपणी ते रुजत नाही. दात येत असतात त्याच वयात रुजतं. दोन-अडीच वर्षांच्या आत."

"मग तुमच्याकडे पट्ट्या बदलल्या असतील. आमच्या दुकानातसुद्धा होतं असं, पालकाच्या पाकिटात मेथी." माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा झाला होता. "त्या बाईंनी मला आयुष्यात एक घास भरवलेला नाही हो. माझं ताट वेगळं होतं. त्यांचं उष्टं माझ्या तोंडात येईलच कसं?"

डॉक्टरांनी वाद घातला नाही. नवी पट्टी माझ्यासमोर फोडली, पुन्हा थेंब घेतला, पुन्हा यंत्रात घातला. पुन्हा तीच गुलाबी रेघ.

"मशीन चुकलेलं न्हाई, बाई," दारातून आवाज आला. माई उभी होती. माझं ओरडणं बाहेरपर्यंत गेलं असणार. तिनं पदर तोंडावरून काढला आणि सरळ येऊन दुसऱ्या खुर्चीत बसली. "घ्या माझंबी. कळंल मग समद्यास्नी."

माईची तपासणी झाली. वयाच्या मानानं तिचे दात चांगले होते, एक दाढ भरायची होती एवढंच. आणि तिच्या नावापुढेही ती रेघ आली. पडद्यावर आम्ही तिघं एकाखाली एक होतो, माई, मी आणि मृणाल. आमच्या घरात मला एवढं रांगेत बसवलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

दवाखान्यासमोर रसवंती होती. दातांवर लेप होता म्हणून अर्धा तास काही खायचं-प्यायचं नव्हतं, तरी आम्ही तिथल्या बाकड्यावर जाऊन बसलो. रसवाला दोनदा विचारून गेला आणि आमची तोंडं बघून परत विचारायचा थांबला.

"सांगा," मी म्हणालो.

माई घुंगरांच्या चरकाकडे बघत बोलायला लागली. "मी आले तवा तू एवढासा व्हतास. आई गेलेली, त्यात तुला गोवर निघाला. गोवर उतरला, पर तू खाईनास. म्हातारी, तुझी आजी, चमचा म्होरं करायची, तू तोंड मिटायचास. घातलं तरी थुकायचास. पार काटकुळा झालास. डाक्टर म्हणालं, आसंच ऱ्हायलं तर पोर हाताला लागायचं न्हाई. मी इसाचीबी नव्हते रं. मला काय सुदरंना. मग मी भाकरीचा तुकडा घेतला, चावून चावून मऊ केला आन् तुझ्या तोंडात दिला. आमच्याकडं आसंच भरवत्यात आजारी लेकराला."

"मग?"

"गिळलास. माझ्याकडं बघितलंस आन् परत तोंड उघडलंस." ती पहिल्यांदा जरा हसली. "मग रोज तसंच. चांगला बाळसं धरून हिंडायला लागलास."

"मग ते ताट?"

"म्हातारीनं बघितलं एक दिस. सावत्र बाईचं उष्टं माझ्या नातवाच्या पोटात घालतीस व्हय, म्हणाली. दुसऱ्या दिशी तिनंच ते ताट आणलं, तुझं नाव घालून. ह्याच्या ताटाला तुझा हात लागला न्हाई पायजे, म्हणाली. मी तरी चोरून भरवायची. पर मग तुझं दात काळं पडलं. म्हातारी म्हणाली, बघ, हे तुझ्या उष्ट्यानं. डाक्टरानं दात उपटलं तवा मी भायेर उभी व्हते. तुझं वरडणं ऐकलं, आन् तवाच मनाशी ठरीवलं, ह्या लेकराच्या तोंडाजवळ आता माझा हात न्यायचा न्हाई. म्हातारी गेली, तरी माझा हात काय फुडं झाला न्हाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "हे मशीन आल्यापास्नं मला एकच भ्या व्हतं. ते सांगणार, हिनंच पोराचं दात किडीवलं. आन् खरंच निघालं की रं."

ज्याला मी तिच्या मनातला माझ्याबद्दलचा तिटकारा समजत आलो ती तिची भीती होती. मला इतकं मोकळं वाटलं, की त्या रसवंतीत मी मोठ्यानं हसलो.

"हसतोस काय?"

"माई, ते दुधाचे दात होते."

"मग?"

"ते पडणारच होते!"

डॉक्टरांनी हे ऐकलं असतं तर माझी खरडपट्टी काढली असती, कारण दुधाचे दातही जपायचे असतात, त्यांच्यामागून येणाऱ्यांची जागा तेच धरून ठेवतात. पण माईनं माझ्या तोंडाकडे बघितलं, त्यात अजून जागच्या जागी असलेल्या दातांकडे बघितलं, आणि तीही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. रसवाला आपणहून दोन ग्लास घेऊन आला. ते आमच्यासमोर तसेच राहिले.

घरी येताना मी गाडीवरून विचारलं, "माझ्या आईचं काहीच नाही आलं माझ्यात?"

"तिचं दात मोत्यावानी व्हतं. फोटुत बघ की, कशी हसतीया," माई मागून म्हणाली. "किडंच नव्हतं, तर तुला देणार काय?"

नवीन वाणाची चूळ भरायला आठवड्यानं जायचं होतं. माई आधी बसली, चूळ भरली, उठली. माझ्या हातात इवलीशी बाटली आली आणि माझा हात काही तोंडाकडे जाईना.

"काय झालं? हे अजिबात झोंबत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"हे घेतलं की जुनं जाणार?"

"महिन्याभरात."

मी बाटली नुसती फिरवत बसलो. मी माईचा आहे याचा पुरावा मला नुकताच कुठे मिळाला होता, तोही माझ्याच तोंडात. आणि तो मी थुंकून टाकायचा? डॉक्टरांना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "हवं तर नमुना गोठवून ठेवता येतो. काही लोक ठेवतात."

क्षणभर मला मोह झाला. पण मी बियाणं विकणारा माणूस. बी जपायचं ते पुढं कधीतरी पेरायचं म्हणून. हे मी कुठं पेरणार होतो? रेवाच्या तोंडात?

"आरं, किडं कसलं जपतोस?" माई दारातून ओरडली. "मी तुला भाकरी भरीवली, किडं न्हाई भरीवलं. भाकरी तुझ्या अंगात हाय. जा म्हणावं त्या किड्यास्नी."

मी चूळ भरली. खरंच झोंबली नाही.

"आता सहा महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाल्या. "दुखलं नाही तरी या. दुखलं नाही म्हणूनच या."

उष्टावणाच्या आधी आम्ही पुन्हा जाऊन आलो, तेव्हा गुलाबी रेघा गेल्या होत्या. त्यांच्या जागी सगळ्यांना हिरव्या. प्रतीकलाही हिरवी, मृणालच्या सासूबाईंनाही हिरवी. वाणावरून आता कोण कुणाचा आहे ते कळण्यासारखं उरलं नव्हतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भामाआत्याही आली होती, काठी टेकत, सगळ्यांवर नजर ठेवत. रेवाला नवं झबलं घालून माझ्या मांडीवर बसवलं. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर होती. मी चमचा पुढे केला. रेवानं तोंड मिटून घेतलं आणि मान फिरवली. खानदानी सवय, दुसरं काय! मी वाट बघितली. मग तिनं चमच्याचा वास घेतला, ओठ उघडले, आणि खालच्या दोन चिमुकल्या दातांनी चमचा असा काही धरला की सोडेचना. सगळे हसले. मृणालच्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मामाचाच घास लागतो बाई हिला."

मग मोठ्यांची पंगत बसली. माई स्वयंपाकघरातून आली ती नेहमीप्रमाणे माझं ताट घेऊन. 'चि. सुहास'. एवढ्या वर्षांची हाताची सवय, तिला तरी काय बोल लावणार. मी उठलो, तिच्या हातातून ते ताट घेतलं आणि खिरीच्या पातेल्यावर झाकण म्हणून घातलं. मग कोपऱ्यात तिनं स्वतःसाठी वाढून ठेवलेल्या ताटापाशी मांडी घालून बसलो.

"अरे सुहास, ते तिचं ताट," भामाआत्या म्हणाली.

"माहीत आहे, आत्या." मी जरा सरकून जागा केली. "ये गं माई, बस."

माई बसली. तिनं पुरीचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, आणि तिचा हात माझ्या तोंडापर्यंत येऊन थांबला.

डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मी तोंड उघडलं, चांगलं मोठं.

"आ," मी म्हणालो.